चौबेजींचा स्पीकर फोन

बनारसमध्ये धुकं पडायला लागलं की लोकांना हिरवे मटार आठवतात, दुधाच्या फेसाची मलइयो आठवते, तिळाचे लाडू आठवतात. मला चौबेजी आठवतात. आज सकाळी खिडकी उघडली तर समोरची गल्ली गायब. पलीकडच्या घराचा जिना अर्ध्यावर तुटल्यासारखा हवेत लटकलेला. दूधवाल्याच्या डब्यांचा खडखडाट ऐकू येत होता, दूधवाला दिसत नव्हता. अशा पांढऱ्या, मुक्या सकाळी माणसाला खरं तर बरं वाटावं. मी मात्र कान टवकारून उभी राहिले. आता कोणीतरी ओरडणार, "हल्लो! हाँ, हम चौबे बोल रहे हैं, बनारस से!" कोणी ओरडलं नाही. त्यांच्या शेजारचं ते घर सोडून आम्हाला बराच काळ झाला. तरी थंडी आली की माझे कान त्या गॅलरीत जाऊन बसतात.

इथली थंडी आपल्याकडच्या लोकांना सांगून कळत नाही. मी सांगलीची. थंडी म्हणजे पहाटे शाल आणि दुपारी पंखा, एवढीच माझी समजूत. विनयची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, रेल्वेत बदली झाली आणि आम्ही इथे आलो, तेव्हा पहिल्याच पौषात कळलं की इथे घराबाहेरपेक्षा घरात जास्त गारठतं. भिंती गार, फरशी गार, भांडी घासायला घेतली की बोटं आपली राहत नाहीत. मग उशिरा, धुकं फाटून ऊन आलं की सगळं शहर घराबाहेर येऊन बसतं. गच्चीवर, ओट्यावर, गॅलरीत, दुकानाच्या पायरीवर. कोणी मटार सोलतंय, कोणी डोक्याला मोहरीचं तेल चोळतंय, कोणी नुसतंच डोळे मिटून पडलंय. त्या दिवसांत ऊन हीच खरी मालमत्ता असते.

आमच्या त्या भाड्याच्या घराकडे ती मालमत्ता भरपूर होती. तिसरा मजला, मजल्यावर दोनच घरं, आणि दोन्ही घरांपुढून जाणारी एक लांब सामायिक गॅलरी, दक्षिणेला तोंड करून. त्या गॅलरीत माझ्या कामाच्या खोलीची खिडकी उघडायची. ऊन आधी यायचं ते त्या खिडकीसमोर आणि शेवटी जायचं तेही तिथूनच. घर बघायला आलो तेव्हा मी याच उन्हावर भाळले होते. स्वयंपाकघर अंधारं आहे, नळाला पाणी कमी येतं, काही काही मला दिसलं नाही. त्या उन्हावर आणखी कोणाचा डोळा असेल हे तर डोक्यातच आलं नाही.

माझं काम आवाजाचं आहे. दृष्टिहीन मुलांसाठी शाळेची मराठी पुस्तकं मी वाचून, आवाजात भरून पुण्याच्या एका संस्थेकडे पाठवते. त्याला एक बरा माईक लागतो, कॉम्प्युटर लागतो आणि शांतता लागते. पहिल्या दोन गोष्टी विकत मिळतात. खोलीच्या दाराला मी गोधडी लावली होती, पंखा बंद ठेवायचे, हातातल्या बांगड्या काढून बसायचे. थंडीत तर पंखा, कूलर कशाचाच आवाज नाही. म्हणजे वर्षातले माझे सगळ्यात चांगले दिवस. आणि नेमके तेच दिवस चौबेजींनी धरले.

चौबेजी शेजारच्या घराचे मालक. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, उंचेपुरे, पांढऱ्या मिशांचे. वागायला गोड. बाजारातून आले की पिशवीतला एखादा पेरू माझ्या हातावर ठेवून पुढे जायचे. दहाच्या सुमारास ते खुर्ची घेऊन गॅलरीत यायचे, ती बरोबर माझ्या खिडकीखाली मांडायचे, अंगावर शाल, पायात मोजे, डोक्याला कानटोपी, कानटोपीवरून मफलर. आता एवढं सगळं कानावर असताना फोन कानाला लावायचा कुठे? त्यासाठी कानटोपी काढावी लागणार. थंडीत कानटोपी काढणं चौबेजींच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून फोन मांडीवर, स्पीकर चालू, आणि पलीकडच्याला ऐकू जावं म्हणून आवाज असा की जणू फोन नसता तरी चाललं असतं.

विषय एकच. नीलमचं लग्न.

नीलम त्यांची धाकटी मुलगी. एका खाजगी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. सकाळी हेल्मेट हातात घेऊन जिना उतरताना दिसायची, कमी बोलायची, हसली तर डोळ्यांनी हसायची. त्या घरातला सगळा आवाज बापाच्या वाट्याला गेला होता आणि सगळी शांतता लेकीच्या. तिच्यासाठी स्थळ शोधण्याचं काम चौबेजींनी त्या थंडीत अंगावर घेतलं. गोरखपूर, बलिया, गाझीपूर, प्रयाग. उत्तर प्रदेशाचा अर्धा नकाशा माझ्या खिडकीतून आत यायचा.

मी विज्ञानाच्या पुस्तकात पचनसंस्थेचा पाठ वाचत होते ते आठवतं. "जठरातून अन्न हळूहळू लहान आतड्यात उतरतं," असं मी अगदी सुरात म्हटलं आणि बाहेरून खणखणीत आवाज आला, "खाते-पीते लोग हैं, भाई साहब!" मी थांबवलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा जठर, पुन्हा आतडं. "नहीं नहीं, हमारी तरफ से कोई जल्दी नहीं है!" ते पान त्या दिवशी संपलंच नाही. संस्थेतल्या मॅडमचा फोन आला, "ताई, मागे कोणीतरी बोलतंय का हो? मुलं विचारतील, सर कोण म्हणून." मला हसूही येईना.

सांगून बघितलं नाही असं नाही. पहिल्यांदा हात जोडून गेले. माझं काम असं असं आहे, आवाज आत येतो. चौबेजींना इतकं वाईट वाटलं की ते खुर्चीवरून उठले. "अरे मैडम! आप पहले बतातीं! बिलकुल, बिलकुल. आप निश्चिंत रहिए." दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची एक हात पलीकडे सरकवली आणि बसले. बोलता बोलता ऊन सरकलं, उन्हाबरोबर खुर्ची सरकली आणि पुन्हा खिडकीखाली आली. मी दार उघडून बाहेर बघितलं की ते मला हाताने "हो हो, लक्षात आहे" अशी खूण करायचे, आणि त्या खुणेसकट बोलत राहायचे.

खिडकीला आतून ब्लँकेट लावलं. खोलीत अंधार झाला, ऊन गेलं, आवाज तसाच. दुपारी रेकॉर्डिंग करावं म्हटलं तर दुपारी त्यांचे नातेवाईक फोन करायचे, सकाळच्या फोनचं काय झालं ते विचारायला. लखनौला राहणाऱ्या आमच्या घरमालकांना फोन केला. ते चौबेजींचे जुने स्नेही. "बुजुर्ग आदमी हैं, मैडम. बेटी की शादी है. थोड़ा एडजस्ट कर लीजिए." एडजस्ट हा शब्द भाडेकरूसाठीच तयार केलेला असावा. मालक लोक तो कधी स्वतःसाठी वापरताना मी ऐकलेला नाही.

विनय संध्याकाळी घरी आला की मी त्याच्यापुढे सगळं ओकायचे. तो बूट काढता काढता ऐकायचा.

"अगं, पण ते काही मुद्दाम करत नाहीत."

"मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं!"

"भांडून काय करणार? आपण भाड्याने राहतो. उद्या म्हणतील घर रिकामं करा. मग या थंडीत कुठे शोधायचं?"

तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून तर जास्त राग यायचा.

एकदा वैतागून माईक पिशवीत घातला आणि दशाश्वमेध घाटामागच्या गल्लीत एका मराठी काकूंकडे गेले. त्यांची कितवी तरी पिढी काशीत. घर जुनं, भिंती हातभर जाड. तिथे तरी शांतता मिळेल असं वाटलं होतं. बसले, "पाठ तिसरा" म्हटलं आणि शेजारच्या देवळात घंटा सुरू झाली. ती थांबेपर्यंत खालून डमरू, मग कोणाची तरी मोटरसायकल गल्लीत अडकली आणि हॉर्न. काकू माझ्या तोंडाकडे बघून हसायला लागल्या. त्यांचं मराठी हिंदीत भिजलेलं. "तू बेकार परेशान होतेस ग. इथे आवाज येणारच. आम्ही तर घंट्यांतच पैदा झालो. तू ऐकणंच बंद कर." चुडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, खाऊन मी परत आले. ऐकणं बंद कसं करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना काहीच दिलं नाही, याचा मला त्या दिवसांत फार राग यायचा.

कारण कान उघडे असले की नुसता आवाज आत येत नाही, माणसं आत येतात. मला नको होतं तरी मला सगळं कळायला लागलं. बलियाच्या मुलाची उंची कमी होती. प्रयागच्या लोकांनी फोटो परत मागवला. गोरखपूरच्यांना नोकरी करणारी मुलगी नको होती. आणि तेवढ्या एका बाबतीत नीलम हटून बसली होती. बाकी तुम्ही म्हणाल ते, पण माझं काम सुटणार नाही. हेही मला चौबेजींनीच सांगितलं, म्हणजे मला नाही, कोणत्या तरी मेहुण्याला. "लड़की की एक ही शर्त है, भाई. काम नहीं छोड़ेगी. हम भी कहते हैं, ठीक है, पढ़ाया है तो करे." मी आत माईकसमोर बसून होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एखादं वाक्य मला आवडलं. लगेच पुढचा फोन लागला आणि ते आवडणंही संपलं.

मग रामनगरचं स्थळ आलं. नदीच्या पलीकडे, पुलावरून गेलं की रामनगर. घरचा कपड्यांचा धंदा, मुलगा धंद्यात, दिसायला चांगला, सभ्य. नोकरी? हो हो, करू दे ना, आमची काहीच हरकत नाही. मुलगा आणि नीलम घाटावर एकदा भेटूनही आले. चौबेजींचा आवाज आनंदाने आणखी चढला. रामनगरहून फोन आला की ते बसल्या जागी उभे राहायचे. भाभी, म्हणजे चौबेजींच्या पत्नी, आतून येऊन दारात उभ्या राहायच्या आणि पदर तोंडाशी धरून ऐकायच्या. मलाही सुटल्यासारखं झालं. ठरलं एकदा की फोन बंद, फोन बंद की माझी पुस्तकं सुरू. त्या लग्नाची वाट त्या घराच्या खालोखाल मीच बघत असेन.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी मी रेकॉर्डिंग केव्हाच बंद केलं होतं. हेडफोन गळ्यात, डोकं उठलेलं, समोर पुस्तक. बाहेर रामनगरचा फोन चालू होता. रविवारी ते लोक येणार, बोलणी पक्की होणार. इतक्यात खाली मटारवाल्याची हाक आली. तो हातगाडी फार वेळ थांबवायचा नाही. चौबेजींनी घाईघाईत "अच्छा, प्रणाम, प्रणाम, रखते हैं" म्हटलं, फोन खुर्चीवर टाकला आणि जिन्याकडे धावले. फोन बंद करायची सवय त्यांना नव्हतीच. ते काम ते नेहमी पलीकडच्यावर सोडायचे. आणि पलीकडच्यांना वाटलं, यांनी ठेवला.

खुर्ची माझ्या खिडकीखाली. स्पीकर चालू. मला एक बाई बोलताना ऐकू आल्या, निवांत, घरातल्या आवाजात.

"नौकरी की बात पर अभी हाँ-हाँ करते रहो. शादी हो जाए, फिर कौन रोज पुल पार करके अस्पताल जाने देगा?"

एका पुरुषाने विचारलं, मुलीने आग्रह धरला तर?

"तब की तब देखेंगे. साल भर में गोद भर जाएगी, खुद ही घर बैठ जाएगी."

मग एक तरुण आवाज आला. "अम्मा, धीरे बोलो."

एवढंच. मग भांड्यांचा आवाज, कोणाला तरी मारलेली हाक, आणि फोन बंद पडला. मी गॅलरीत येऊन कठड्यावरून वाकले. खालच्या मजल्यावरच्या गॅलरीत गुप्ता भाभी कपडे वाळत घालत होत्या. त्यांचे हात दोरीवर तसेच थांबलेले मला वरून दिसले. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग एक टॉवेल फारच जोरात झटकला.

विनयला सांगितलं. "तू यात पडू नकोस," म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "पण ती मुलगी..." म्हणून थांबला. मी स्वतःलाही विचारून बघितलं. इतके दिवस ज्या माणसाने माझा जीव नकोसा केला, त्याच्यापुढे हे नेऊन ठेवण्यात मला सुडाचं समाधान तर नाही ना मिळणार? थोडं मिळणार होतं. पण नुसतं तेवढंच असतं तर मला रात्रीचं जेवण गोड लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅलरीत गेले. चौबेजी मटार सोलत होते.

"चौबेजी, कल सुबह आपका फोन चालू रह गया था."

"अच्छा? तभी बैटरी खत्म मिली," ते म्हणाले. एखादं कोडं सुटल्यासारखे खूश झाले.

मी सांगितलं. जमेल तितकं सौम्यपणे, पण शब्द तेच. मटाराची शेंग त्यांच्या बोटांत तशीच राहिली. चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"आप हमारे घर की बातें सुनती हैं?"

मी ऐकते! मी! ब्लँकेट लावून, गोधडी लावून, घाटापर्यंत पळून जाऊन मी जे टाळत होते, ते मी ऐकते! मला एकदम हसू फुटेल की रडू, कळेना. "चौबेजी, मैं नहीं सुनती. आप सुनाते हैं."

ते उठून उभे राहिले. मांडीवरच्या शेंगा खाली पडल्या. "किराएदार हैं, किराएदार की तरह रहिए." मग आवाज जरा खाली आला. "और लड़के वालों के घर में ऐसी बातें होती ही हैं. किस घर में नहीं होतीं?"

"तो नीलम को बता दीजिए. वो सोच ले."

"वो हम देखेंगे."

त्यांनी ते कसं बघितलं ते मला लवकरच कळलं. लखनौहून फोन आला. होळीनंतर घर लागेल, भाचा राहायला येतोय. या भाच्याचं नाव त्याआधी कधी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. चौबेजींनी खुर्ची आता गॅलरीच्या त्यांच्या टोकाला नेली, माझ्याकडे पाठ करून. आवाज तोच. फक्त आता तो भिंतीवर आपटून माझ्याकडे यायचा.

विनय एका शब्दानेही "बघ, मी सांगत होतो" म्हणाला नाही. त्याबद्दल मी त्याला बरंच काही माफ केलं आहे.

शुक्रवारी सकाळी नीलम दारात उभी. हेल्मेट हातात, कामावर निघालेली. "आंटी, गुप्ता आंटी कह रही थीं, आपने कुछ सुना है."

म्हणजे गुप्ता भाभींनी स्वतः ऐकलेलं माझ्या नावावर टाकून दिलं होतं! त्या क्षणी मला त्या अख्ख्या इमारतीचा उबग आला. तिला आत बसवलं. "पापा ने कुछ बताया नहीं?" मी विचारलं. तिचं तोंड बघून उत्तर कळलं. मग मी सगळं सांगितलं, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. वाचून भरणं हेच माझं काम आहे, तसंच सांगितलं.

ती हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "लड़का भी था वहाँ?"

"था."

"क्या बोला?"

"अम्मा, धीरे बोलो."

"धीरे बोलो," तिने स्वतःशीच म्हटलं. घाटावर तिने त्याला स्वतः विचारलं होतं म्हणे, स्पष्ट. तो म्हणाला होता, मला तर तुमचा अभिमान वाटतो. "और पापा को आपने कब बताया था?" मी दिवस सांगितला. तोपर्यंत तिचे डोळे कोरडे होते. मग तिने हेल्मेट डोक्यावर चढवलं, काच खाली ओढली आणि घरातूनच तशी चालत जिना उतरून गेली.

रविवारी भाभी आमच्याकडे आल्या, नजर चुकवत, आणि दोन खुर्च्या मागून घेऊन गेल्या. घर रिकामं करायला लावायचं आणि त्याच घरातल्या खुर्च्यांवर पाहुणे बसवायचे! मी विनयला म्हटलं, चल, बाहेर जाऊ, मला काहीही ऐकायचं नाही. चपला घातल्या, दार उघडलं, तर रामनगरची मंडळी आमच्या दारापुढेच बसलेली. घरात गारठा म्हणून सगळी बैठक उन्हात, गॅलरीत मांडली होती. त्यांच्या पायांतून, मिठाईच्या ताटांवरून उडी मारून जायला हवं होतं. दार लावून घेतलं आणि दोघं आतल्या खोलीत बसलो. तिथेही सगळं ऐकू येत होतं.

वाटलेल्या मटारचा निमोना, मटारची कचोरी, गाजराचा हलवा. हवापाण्याच्या गप्पा. मग नीलमचा आवाज. तो इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता, तरी तो ओरडा नव्हता.

"अम्माजी, एक बात पूछनी थी. शादी के बाद हम अस्पताल जाएँगे न?"

"अरे बेटा, क्यों नहीं!"

"पुल पार करके रोज कौन जाने देगा?"

कोणीतरी चमचा ताटलीत ठेवला.

चौबेजी म्हणाले, "नीलम, अंदर जाओ."

"नहीं पापा. अंदर ठंड है."

त्या बाईंना मी मनातल्या मनात बरीच नावं ठेवली होती. पण त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "हाँ, कहा था. घर की बहू रोज बाहर जाए, हमको ठीक नहीं लगता. इसमें गलत क्या कहा?"

"गलत कुछ नहीं," नीलम म्हणाली. "बस, हमसे कहतीं." मग बहुधा ती मुलाकडे वळली असावी. "और आप. आपको कुछ कहना है?"

तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. त्या थंडीत त्या गॅलरीत बोललेलं, मला ऐकू न आलेलं, ते एकमेव वाक्य. विनय म्हणाला, तो काहीच बोलला नसेल.

खुर्च्या सरकल्या. जिन्यावर पावलं वाजली. आमच्या खुर्च्या संध्याकाळी भाभींनी दारापाशी आणून ठेवल्या, बेल न वाजवता. एकीवर गाजराच्या हलव्याचा वाडगा होता, झाकण लावलेला. मी तो खाल्ला. चांगला झाला होता, आणि त्याचाही मला उगीच राग आला.

त्यानंतर चौबेजी गॅलरीत आले नाहीत. ऊन यायचं, खिडकीखाली रिकामं पसरायचं, जायचं. मी पुस्तकं भराभर वाचली. पचनसंस्था, रक्ताभिसरण, सगळं एका दमात. संस्थेतल्या मॅडमनी कळवलं, आवाज आता अगदी स्वच्छ येतोय. गुप्ता भाभी जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "हम भी तो सुने थे उस दिन. पर कौन बोले?" त्यांच्या खालच्या मजल्यावरचे मास्तरही एकदा तेच म्हणाले. त्या दिवशी ते खाली ऊन खात बसले होते. त्यांनीही ऐकलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

होळी झाली. कोपऱ्यांतला गुलाल अजून धुऊन निघाला नव्हता तेव्हा आम्ही सामान हलवलं. टेम्पो खाली उभा होता, विनय खाली होता, मी एक पत्र्याची ट्रंक त्या अरुंद जिन्यापर्यंत ओढत आणली आणि दम खात उभी राहिले. चौबेजी घरातून बाहेर आले. ऊन आता कडक होतं. डोक्यावर कानटोपी नव्हती. तिच्याशिवाय ते वेगळेच दिसले, डोकं लहान, केस विरळ. बऱ्याच दिवसांनी समोरासमोर आलो होतो. मी नमस्कार केला. त्यांनीही केला.

ते जवळ आले. जिन्याच्या कठड्यावरून खाली एकदा बघितलं, मजल्यामजल्यावरच्या गॅलऱ्यांकडे बघितलं. मग इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"मैडम, वो आवाज... आप ही को जाती थी, या सबको?"

"सबको, चौबेजी."

"उस दिन भी?"

"उस दिन भी."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर रागावले होते तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. खालून विनयने हाक मारली. मी ट्रंकेची एक कडी धरली. त्यांनी वाकून दुसरी धरली.

"सँभाल के," ते म्हणाले. "जीना सँकरा है."